हरवलेल्या बंदुकीची किंमत

हौशी खेळाडूंसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची एक पॉलिसी असते. तिच्या माहितीपत्रकातली खेळांची यादी मला नेहमीच गमतीची वाटत आली. गळाने मासे धरणं, बॅडमिंटन, क्रिकेट, गोल्फ, लॉन टेनिस, स्क्वॉश, आणि या सभ्य मंडळींच्या पंगतीत शेवटी येऊन बसलेली ‘स्पोर्टिंग गन’, म्हणजे शिकारी बंदूक. रॅकेट चोरीला गेली तर भरपाई, बंदूक चोरीला गेली तरी भरपाई. माझी उमेदीची वर्षं विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेली. तिथे बसून ही यादी वाचताना प्रश्न पडायचा, की बॅट आणि बंदूक एकाच ओळीत आणली कुणी?

हा प्रश्न आपल्याकडे आणखी टोकदार होतो, कारण १९७२ साली संसदेने एकाच वर्षात दोन कायदे केले. एकाने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या जानेवारीपासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या उरल्या. दुसरा वन्यजीव संरक्षणाचा. त्याने शिकारीचा फास आवळला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकार-परवानेही संपवले. सावज गेलं, हाकारे गेले, मचाणं कुजली. यादीतली ‘स्पोर्टिंग गन’ मात्र जागची हलली नाही. नव्या सरकारी कंपन्यांनी जुन्या पॉलिसींचे मसुदे जसेच्या तसे पुढे चालवले, आणि ते मसुदे मुळात लंडनचे होते. तेव्हा शोध तिथूनच घ्यायला हवा.

विमा आधी समुद्राचा, मग आगीचा. १६६६ मध्ये लंडन जळालं आणि त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांत निकोलस बार्बन याने घरांच्या आगीच्या विम्याची पेढी काढली. पुढची दोनशे वर्षं घरातली चीजवस्तू जळली तरच तिचे पैसे मिळत. चोराने नेली तर नशीब. चोरीला विम्यात घ्यायचं म्हणजे विमेदाराच्या प्रामाणिकपणावर पैज लावायची, असं व्यवसायातले शहाणे लोक मानत. आग लागलेली दिसते. चोरी झाली हे बऱ्याचदा फक्त सांगणाऱ्याच्या तोंडून कळतं.

हा संकोच मोडला तो लॉईड्समधल्या कथबर्ट हीथ नावाच्या माणसाने. त्याला कमी ऐकू यायचं, पण नवी जोखीम त्याला लांबून ऐकू येई असं म्हणायला हरकत नाही. १८८९ साली त्याने घरफोडीच्या विम्याची पहिली पॉलिसी लिहिली. सांगतात ते असं, की आगीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला आलेल्या दलालाने थट्टेत विचारलं, यात घरफोडीपण घालाल का? हीथ म्हणाला, का नाही? गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत झालेली आहे, पण साल पक्कं आहे. पुढे हीथनेच ‘सर्व जोखमी’ हा प्रकार रुळवला. वस्तू कुठेही असो, प्रवासात, गाडीत, दुसऱ्याच्या घरी. ती हरवो, मोडो, चोरीला जावो. अपवाद म्हणून जे लिहिलेलं नाही ते सगळं विम्यात. हिऱ्यांसाठी निघालेला हा मसुदा शिकाऱ्याला अगदी अंगासरसा बसला. शिकाऱ्याची मिळकत सतत फिरती. चामड्याच्या पेटीत बंदूक, सोबत साफ करायचा गज आणि तेलाची कुपी, काडतुसांचा पट्टा, दुर्बीण, तंबू. हे सगळं आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढतं, जहाजाच्या तळघरात उतरतं, हमालाच्या डोक्यावर जातं. घराच्या भिंतींवर उभा असलेला विमा त्याच्या काय कामाचा?

आता त्या काळच्या इंग्लंडमध्ये बंदुकीकडे कायदा कसा पाहत होता ते बघा. १८७० च्या कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला होता खरा, पण तो दहा शिलिंगांना पोस्टात मिळे. चौकशी नाही, चारित्र्याचा दाखला नाही. तो कर होता. म्हणजे हीथने पॉलिसी लिहिली तेव्हा सुखवस्तू इंग्रजाची बंदूक ही त्याच्या चांदीच्या चमच्यांसारखी किंवा पियानोसारखी घरातली एक किमती वस्तू होती. बॅट आणि बंदूक एका ओळीत आली ती इथे.

किमती म्हणजे किती, यावरून विमेवाले आणि शिकारी यांच्यात फार सुरस तंटे होत. विम्याचं मूळ तत्त्व असं, की नुकसान जेवढं तेवढीच भरपाई. विमेदाराने त्यातून कमवायचं नाही. कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या १८८३ च्या खटल्यात ते ठळकपणे मांडलं गेलं. पण चांगली बंदूक या तत्त्वाला दाद देत नाही. रोजच्या वापरातली वस्तू जुनी होते तशी स्वस्त होते. हातकामाची उत्तम दुनळी चाळीस वर्षांनी महाग झालेली असू शकते. त्यात जोडीच्या बंदुका हा आणखी एक प्रकार. हाक्याच्या शिकारीत पक्षी थव्यांनी डोक्यावरून जात. एक बंदूक झाडावी, मागे उभ्या माणसाने लगेच दुसरी भरून हातात द्यावी. म्हणून कारागीर दोन बंदुका एकदमच घडवत. वजन, तोल, दस्त्याचं लाकूड सगळं जुळवून, आणि नळ्यांवर सोन्याने १ आणि २ असे आकडे घालून. आता यातली २ नंबरची चोरीला गेली तर नुकसान केवढं? विमा कंपनी म्हणणार, एका बंदुकीचं. मालक म्हणणार, राहिलेली आता जोडीतली उरली नाही, तिचाही भाव पडला. ज्याने बैलजोडीतला एक बैल गमावला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कंपन्यांनी यावर ‘जोड्या आणि संच’ असं कलमच घातलं: हरवलेल्या नगाच्या प्रमाणातच पैसे मिळतील, संचाचं विशेष मोल धरलं जाणार नाही. हे कलम आजही दागिन्यांच्या पॉलिसीत भेटतं. कानातलं एकच कुडं हरवलेल्या बायका त्या कलमाला काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

या वादांवर तोडगा म्हणून किंमत आधीच ठरवून ती पॉलिसीत लिहून टाकायची, अशी जहाजांच्या विम्यातली जुनी रीत बंदुकांनाही लावली गेली. ती किती गरजेची होती याचं उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेटची रिग्बी. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारल्याची नोंद आहे. १९०७ मध्ये कॉर्बेटने तिला मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. माउझरच्या बनावटीवरची .२७५ ची साधीच रायफल, दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी. त्या पट्टीवरचा मजकूर खरवडला तर ती बाजारात हजारांतली एक. पट्टीसकट मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. कॉर्बेटनंतर ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. अशी वस्तू हरवली तर ‘त्याच प्रकारची दुसरी’ देऊन भरपाई कशी करणार?

रिग्बीला आपली रायफल ओळखता आली ती पट्टीमुळे तर खरीच, पण इंग्रजी बंदूककारांची एक शिस्तही त्यामागे आहे. प्रत्येक नग क्रमांकासह वहीत चढवायचा, कुणाला कधी विकला ते लिहायचं. १८६८ च्या कायद्यानुसार लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात नळी तपासून तिच्यावर ठसा मारून घ्यावा लागे, तो वेगळाच. विमेवाल्यांना ही व्यवस्था आयतीच मिळाली. अंगठी हरवली तर ‘सोन्याची, खड्याची’ एवढंच वर्णन. बंदूक हरवली तर कर्त्याचं नाव, क्रमांक, नळीची लांबी. चोरीच्या मालात बंदुकीएवढी नेमकी ओळख असलेली वस्तू त्या काळी क्वचितच दुसरी असेल.

हाच क्रमांक हिंदुस्थानात आला आणि त्याचा अर्थ बदलला.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे आले, देशी वृत्तपत्रांचा आणि शस्त्रांचा. पहिला रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. दुसरा टिकला, थेट १९६२ पर्यंत. लेखणी परत मिळाली, बंदूक नाही, असं त्याचं वर्णन करता येईल. या कायद्याने परवाना ही सरकारची मेहेरबानी झाली, आणि नियमांतल्या सवलतींमुळे युरोपियन माणूस तिच्यातून मोकळा राहिला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्येच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. एकाच बोटीने मुंबईला उतरलेल्या दोन सारख्या बंदुका घ्या. साहेबाच्या बंगल्यात गेलेली एक ही त्याच्या सामानातली वस्तू. इनामदाराच्या वाड्यात गेलेली दुसरी ही मॅजिस्ट्रेटच्या नोंदवहीतली जोखीम. विमा कंपनी विचारते, केवढ्याची होती? मॅजिस्ट्रेट विचारतो, आता कुणाच्या हातात आहे? आपल्याकडच्या बंदूक-विम्याचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांच्या ओढाताणीत आहे, असं माझं मत आहे. त्यात दुसरा प्रश्न किती भारी ठरू शकतो हे कलकत्त्यात १९१४ मध्ये दिसलं.

त्याआधीच सरकार धास्तावलेलं होतं. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल त्यांतलंच. ते चोरटं आयात होतं, चोरी नव्हती. कलकत्त्याची गोष्ट मात्र भर दिवसा, कागदपत्रांसह, जकातीच्या दारातून घडलेल्या चोरीची आहे.

आर. बी. रॉडा आणि कंपनी हे कलकत्त्यातलं बंदुकांचं नामांकित दुकान. त्यांचा श्रीशचंद्र मित्र नावाचा कारकून होता, जवळचे लोक त्याला हाबू म्हणत. जकातीतून माल सोडवून आणायचं काम त्याचं. २६ ऑगस्ट १९१४, बुधवार. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी मित्रने शस्त्रं आणि काडतुसं यांच्या २०२ पेट्या सोडवल्या. त्यांतल्या १९२ गोदामात पोचवल्या आणि उरलेल्या आणतो म्हणून बाहेर पडला. तो परत आलाच नाही. दहा पेट्या एका बैलगाडीतून निघून गेल्या होत्या, आणि ती गाडी हाकणारा हिंदुस्थानी गाडीवान खरं तर वेष पालटलेला क्रांतिकारक हरिदास दत्त होता. पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. पिस्तूल ज्या लाकडी खोळीत येई तीच दस्त्याला जोडली की खांद्याला लावून रायफलीसारखं चालवता येई.

रॉडा कंपनीने पोलिसांना कळवलं ते तीन दिवसांनी.

या तीन दिवसांवर मी पुन्हा पुन्हा अडतो. दाव्यांच्या टेबलावर बसलेल्या माणसाला उशिराची चीड असते, पण इथे तिच्यापलीकडचं काही आहे. कारकुनाची वाट पाहिली असेल, वह्या तपासल्या असतील, अब्रूचाही विचार झाला असेल; कोणतीही पेढी हेच करते. दहा पेट्या कापडाच्या असत्या तर तीन दिवसांनी बिघडलं नसतं. इथे तेवढ्यात पिस्तुलं पांगली. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात हिशेब आहे: पन्नासपैकी ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेचच बंगालमधल्या नऊ गटांना वाटली गेली आणि त्यानंतरच्या ५४ दरोड्यांत, खुनांत किंवा तशा प्रयत्नांत ती वापरली गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये बालेश्वरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले ते माउझर घेऊनच. समितीने या चोरीला बंगालच्या क्रांतिकारी चळवळीतली अत्यंत महत्त्वाची घटना मानलं. आणि हे सगळं समितीला इतक्या नेमकेपणाने मोजता आलं, कारण प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि दुकानाच्या वहीत तो लिहिलेला होता. विक्रेत्याच्या सोयीसाठी ठेवलेली वही सरकारच्या हातात माग काढण्याची दोरी झाली. अहवाल लिहिला गेला तोवर ३१ पिस्तुलं पोलिसांच्या हाती परत आली होती.

क्रांतिकारकांच्या धाडसाची बाजू पुष्कळांनी सांगितली आहे आणि ती सांगण्याजोगी आहेच. मला मात्र विमेवाला म्हणून त्यातला एक पेच दिसतो. अशी चोरी कोणत्या पॉलिसीत बसते? जहाजातल्या मालाचा विमा माल मुक्कामी गोदामात पोचेपर्यंत धावतो, पण तो वाटेतल्या जोखमींचा. घरफोडीच्या पॉलिसीला कुलूप तुटलेलं लागतं, भिंत फोडलेली लागते. इथे कुलूपही नाही, भिंतही नाही. मालकानेच कागद आणि अधिकार देऊन पाठवलेला नोकर माल घेऊन गेला. नोकराच्या बेइमानीचा विमा वेगळा. लंडनची गॅरंटी सोसायटी १८४० पासून तो धंदा करत होती. त्यातही हिशेब होतो तो हडप केलेल्या मालाच्या किमतीचा. ५० पिस्तुलांची किंमत कुणीही पावतीवरून काढील. ५४ प्रकरणांची किंमत मांडायला कोणत्याच पॉलिसीत रकाना नव्हता.

घरफोडी आणि चोरी यांतला हा फरक विमेदाराला आजही नडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका निकालात स्पष्ट केलं, की पॉलिसीत बळाने शिरण्याची अट असेल तर नुसती चोरी पुरेशी नाही. बळजबरीची खूण दाखवावीच लागेल. बंदुकीच्या मालकाला हे विशेष लागू पडतं, कारण बंदूक बहुतेक वेळा कुलूप तोडून जात नाही. ती जीपमधून जाते, बंगल्याच्या व्हरांड्यातून जाते, ओळखीचा माणूस नेतो. आणि ती गेल्याचं कळतंही उशिरा. दावा-अर्जात ‘वस्तू शेवटची कधी पाहिली’ असा रकाना असतो. त्यात ‘गेल्या खंडेनवमीला’ असं प्रामाणिक उत्तर मी वाचलेलं आहे. झेंडूचं फूल वाहायला बाहेर काढलेली बंदूक पूजा झाली की कपाटात. पुढचं दर्शन पुढच्या वर्षी. मधले अकरा महिने ती कुठे होती हे देवालाच ठाऊक.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, अमलात आला १९६२ मध्ये. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण मॅजिस्ट्रेटचा प्रश्न राहिला, आणि राहायलाच हवा होता. ओळखक्रमांक नसलेली बंदूक विकणं किंवा दुसऱ्याच्या हवाली करणं हाच गुन्हा झाला. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवायचं, ही परवान्याचीच अट आहे. म्हणजे बंदुकीच्या दाव्यात दोन घड्याळं चालू होतात, एक कंपनीचं आणि एक ठाण्याचं. कंपनीला कळवायला उशीर झाला तरी पोलिसांत वेळेवर गेलेल्या माणसाचा वाहनचोरीचा दावा केवळ त्या कारणाने फेटाळू नये, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. ते तत्त्व बंदुकीला लावून पाहिलं, तर ठाण्याचं घड्याळ थोरलं हे मान्य करावं लागतं. रॉडाचे तीन दिवस आठवले की मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वारसांची अवस्था याहून बिकट. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. कलम २१ सांगतं, ताबा बेकायदा ठरला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. घरात मात्र ती ‘आजोबांची बंदूक’ म्हणून खुंटीवरच असते, विम्याचा हप्ताही कुणीतरी भरत असतो. मालकी वारसाची, ताबा कायद्याबाहेरचा. अशी बंदूक चोरीला गेली तर तक्रार द्यायला जाणारा माणूस ठाण्याच्या पायरीवरच घुटमळतो. दावा करायचा तर आधी कबुली द्यायची.

आता जिथे बंदूक खरोखर कामाची वस्तू आहे तिथे येऊ. १९५९ च्या कायद्यात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. कोकणात आणि गोव्यात रानडुकरं, माकडं यांच्यापासून भात, काजू, नारळ राखण्यासाठी असे परवाने आहेत. हा शेतकरी क्रीडाविमा घेत नाही. त्याची ठासणी कुणी सोन्याचे आकडे घालून घडवलेली नाही. पण तिची गैरहजेरी त्याला दर निवडणुकीत सोसावी लागते. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. सरसकट सगळ्यांची न घेता माणूस पाहून घ्यावी, असं निवडणूक आयोगाच्या सूचना सांगतात. प्रत्यक्षात कोण किती पाहतो हे जिल्ह्याजिल्ह्यावर अवलंबून.

चोरीच्या दृष्टीने ठाण्याची कोठडी घरापेक्षा सुरक्षित, हे उघड आहे. पण पावसाळी हवा, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या एकमेकींना घासणाऱ्या नळ्या, महिना-दोन महिने तेलाचा हात नाही. परत मिळालेल्या बंदुकीच्या नळीत गंजाचे खवले निघतात, दस्ता फुगलेला असतो. जमा-पावतीवर परवाना क्रमांक असतो, बंदुकीचा क्रमांक असतो, तारीख आणि शिक्का असतो. बंदूक कोणत्या स्थितीत घेतली याबद्दल सहसा एक अक्षर नसतं. आणि विमा असला तरी ‘सर्व जोखमी’च्या पॉलिसीत गंज हा हीथच्या काळापासून अपवादांच्या यादीत. म्हणून मला विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो, जमा करायला नेताना नळी स्वच्छ करून आतून-बाहेरून तेल लावा, फोटो काढा, आणि पावतीवर ‘चालू स्थितीत’ हे दोन शब्द लिहून मागा. हवालदार बहुधा कुरकुरतो. एखादा लिहूनही देतो.